पुंगळ्या आणि आंबेमोहोर

कुकरची शिट्टी झाली, आंबेमोहोराचा वास घरभर पसरला आणि माझं डोकं नेहमीसारखं फिरलं. इतकी वर्षं झाली, तरी हा वास आला की मला आखातातल्या अल ऐनच्या फ्लॅटची बाल्कनी दिसते.

हे तिथल्या एका शूटिंग क्लबात मेकॅनिक होते. झाडलेल्या काडतुसांच्या काळवंडलेल्या पितळी पुंगळ्या चकचकीत करून पाहुण्यांना आठवण म्हणून द्यायच्या, असं मॅनेजरच्या मनात आलं आणि ह्यांनी घासायचं यंत्र घरीच करायला घेतलं. रंगाचा रिकामा डबा आडवा टाकून तो गरगर फिरवायला त्याला वॉशिंग मशीनची जुनी मोटर जोडली. कधी पट्टा सुटायचा, कधी झाकण उडून पुंगळ्या माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत जायच्या. आधीच उकाडा, त्यात तो खडखडाट आणि जळक्या रबराचा वास!

एका दुपारी ते एकदाचं नीट चाललं.

"यल्ला, चल लवकर, बघ! सोन्यासारखी झालीय!" ह्यांनी एक पुंगळी माझ्यापुढे धरली. माझं लक्ष डब्यातल्या काळ्याकुट्ट दाण्यांकडे.

"अहो, हा तांदूळ कुठला?"

"ओट्याखालच्या डब्यातला. घासायला काहीतरी कोरडं, दाणेदार लागतं ना. आणि तो नुसता पडूनच होता."

आईनं निवडून, बोरिक पावडर लावून पाठवलेला आंबेमोहोर! कितीतरी दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

आता मात्र स्वतःचाच जास्त राग येतो. काही खास असेल तेव्हा करू, म्हणून मी त्यातला मूठभरही शिजवला नव्हता. सुट्टीत माहेरी गेले, तर चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं, "भात मऊ झाला होता का गं?"