टिटवीची खांदशेकणी

आमच्या घरात विमानाबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांनी उभ्या जन्मात विमान पाहिलं ते एकदाच, उंच आभाळात, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. ते सुतार. अनसिंगजवळच्या आमच्या गावात तिफणी, वखर, दमणीसारख्या हलक्या बैलगाड्या, सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांना मामाजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात माणसं तीन. दुसऱ्या मोठ्या लढाईत सरकारला सुतार हवे होते, तेव्हा आमचे हे वाशीमला गाडीत बसून दक्षिणेला निघून गेले आणि दोनच उरलो.

तिकडे समुद्राकाठी एका लष्करी वर्कशॉपात ते लागले. पहिल्या पत्रातल्या निम्म्या ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली होती. मला वाचता यायचं, कारण आमच्याकडच्या मालेगावला माझ्या वडिलांनी मला चार बुकं शिकवली होती. पण काळ्या शाईखालचं कोण वाचणार? मी ते पत्र दिव्यासमोर धरलं, उन्हात धरलं, पाठीमागून पाहिलं. मामाजी म्हणाले, "राहू दे सूनबाई, कागद फाटन."

पुढे हे पंधरा दिवसांच्या रजेवर आले तेव्हा सगळं तोंडी कळलं. यांचं काम विमानं दुरुस्त करायचं. विमान पत्र्याचं, पण पंखांची टोकं आणि शेपटीचा काही भाग लाकडाचा, म्हणून सुतार लागायचे. त्यातलं एक विमान यांच्याच हाताखाली वारंवार येई. त्याचं इंग्रजी नाव पाणथळीतल्या कुठल्याशा पक्ष्याचं होतं, गड्यांनी त्याची टिटवी केली होती. पत्रात विमान लिहिलं की शाई फासतात, म्हणून आम्हीही टिटवीच म्हणायचं ठरलं.

"ते बोटीवर उतरते," हे म्हणाले.

"उभ्या बोटीवर?" मामाजींनी विचारलं.

"चालत्या. बोट वरून सपाट असते बाबा, आपल्या धाब्याच्या घरावानी. टिटवीच्या शेपटीखाली आकडा असते. बोटीवर आडवे दोर ताणलेले असतेत. आकडा दोरात अडकला का टिटवी थांबली. मंग तिचे पंख वर मिटतेत अन् तिले खाली ठेवून देतेत."

पंख कसे मिटतात ते यांनी आमच्या कोठीचं दार बिजागरीवर फिरवून दाखवलं. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते. माझ्याशी यांचं बोलणं त्या पंधरा दिवसांत झालं ते मीठ-भाकरीपुरतं. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीतच नव्हती, आणि आमच्या दोन खोल्यांत सासरा समोर नाही अशी जागा नव्हती.

हे परत गेले आणि मामाजींना चैन पडेना. "आकडा अडकला तर दोर तुटन, नाहीतर शेपूट तुटन. पोरगं बापाले बनवून राह्यलं." शेवटी एका दुपारी त्यांनी अंगणात दोन बाभळीच्या मेढी रोवल्या, त्यांना मोटेचा नाडा ताणून बांधला, विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ दमणीच्या मागे लटकवला आणि मला म्हणाले, "लोट." अंगणाला बऱ्यापैकी उतार होता. मी पदर खोचला आणि जीव खाऊन लोटलं. दमणी गेली, गळ नाड्यात अडकला, डावी मेढ उपटून आली आणि दमणी मेढीसकट कडब्याच्या गंजीत घुसली. शेजारीण कुंपणावरून बघतच राहिली. मला हसू आवरेना. मामाजी मात्र उपटलेल्या मेढीच्या खड्ड्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "दोर बांधलेला नसन. तो धरत धरत सुटत असन. लिही त्याले."

मी लिहिलं. उत्तर आलं: 'बाबा, तुमी म्हणता तसंच आहे, दोर दाबानं हळूहळू सुटतो.' मामाजींनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पारावर सांगून आले.

पत्रं सगळी 'तीर्थरूप बाबांस' असायची आणि त्यांत सगळी टिटवी असायची. टिटवी उजवा पाय मोडून आली होती, बसवला. टिटवीच्या पंखाचं टोक शेजारच्या पाखरानं तोडलं, नवा जोड दिला. टिटवी महिनाभर बरी होती, आता परत आली आहे. लेक माहेरी यावी तशी ती यांच्याकडे यायची आणि तिच्या प्रत्येक येण्याची तपशीलवार हकिकत मला वाचावी लागायची. माझं नाव नाही, की 'घरचे सर्व' यापुढे कशात मी नाही. राग यायचा. तरी पुढचं पत्र आलं की टिटवीचं काय झालं हे मलाही मामाजींइतकंच हवं असायचं, हेही खरं आहे.

पोळा पंधरा दिवसांवर आला होता तेव्हा ते पत्र आलं. टिटवी मोठ्या बोटीवर कायमची चालली होती. बोटीवर एका सुताराची जागा होती, यांचं नाव यादीत लागलं होतं. इतके दिवस दुरुस्त केली, आता ती उतरताना एकदा डोळ्यांनी पाहायची आहे, बाबांनी होकार द्यावा.

बोटी बुडतात हे पाटलांकडे येणाऱ्या वर्तमानपत्रातून आमच्यापर्यंत आलं होतं. मी मामाजींकडे पाहिलं. वाटलं, बाप आहे, नाही म्हणेल. त्यांचे डोळे चमकत होते. "लिही," ते म्हणाले, "जाय म्हणा. दोर कसा सुटते ते पाहून ये अन् मले सांग."

मी ते माझ्या हातानं लिहिलं. जाय म्हणा. मामाजींना वाचता येत नव्हतं, मी नको जाऊ असंही लिहू शकले असते. माझं धाडस झालं नाही, आणि खोटं लिहावंसंही वाटलं नाही. पण खाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे मी मामाजींना न सांगता माझी एक ओळ लिहिली, लग्नानंतरची पहिलीच: 'पोळ्याच्या आदल्या दिवशी टिटवीचे खांदे शेकावे.' आणि हळदीची पुडी करून पाकिटात घातली.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे सुजलेले असतात. ते पळसाच्या पानांनी शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्याला आवतन दिलं तो उद्या घरी येतोच, एवढीच माझी अक्कल. डाव वगैरे काही नव्हता. टिटवीला आवतन मिळालं तर ती परत येईल आणि तिच्यासोबत तिचा सुतारही.

महिन्यानं पत्र आलं. यांनी खरंच टिटवीचे खांदे शेकले होते. पंख जिथून मिटतात त्या दोन्ही बिजागऱ्यांना तूप-हळद चोळली होती. सकाळी साहेबाच्या तपासणीत ती पिवळी, तुपकट राड दिसली. कोणी म्हणालं तेल नासलं, कोणी म्हणालं घातपात. टिटवी अर्धा दिवस अडकली, बिजागऱ्या उघडून पेट्रोलनं धुतल्या. यांनी पुढे होऊन कबूल केलं आणि बैलाची सगळी रीत समजावून सांगितली. साहेब हसला म्हणे. पण हा माणूस जमिनीवरच बरा, असं म्हणून त्यानं यांचं नाव यादीतून खोडलं. टिटवी दुसऱ्या सुताराबरोबर गेली.

मामाजी दोन दिवस पारावर गेले नाहीत. मी चुलीकडे तोंड करून रडले, आनंदानं, आणि त्या आनंदाची मला फार लाज वाटली.

टिटवी परत आली, लढाई संपल्यावर, अंगभर ठिगळं घेऊन. आणि हे एकदाचे बोटीवर गेले, ते तिला समुद्रात लोटून द्यायला. ती विमानं ज्या देशाची होती त्याच्याशी करार होता म्हणे, परत द्या नाहीतर नष्ट करा. परत न्यायचा खटाटोप कोणाला नको होता. खोल पाण्यात बोट थांबली, साखळ्या यांनीच सोडल्या, आठ जणांनी ढकलली. पंख मिटलेलेच होते.

घरी आल्यावर मामाजींनी पहिला प्रश्न विचारला, "दोर पाह्यला?"

"पाह्यला बाबा. ढिला पडून होता."

त्या दिवशी मामाजींनी हातात घेतलेली तिफण तशीच अर्धी राहिली.

मी मात्र ती गोष्ट मनात घेऊन बसले. माझ्या एका ओळीनं या माणसाची एवढी एक हौस गेली. मामाजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, हे गोठ्यात बैलाला हळद चोळत होते तेव्हा मी सांगून टाकलं. "टिटवीचे खांदे शेकाची ते वळ बाबाची नोती. मी लिहिली होती."

हे मान वर न करता म्हणाले, "बाबा कधी पाकिटात हळद घालतेत काय? मले तवाच समजलं."

"मंग कायले चोळली? साहेब पाह्यन हे समजलं नाही?"

"समजलं ना. तपासणीच्या आधी फडकं हातातच होतं माह्या." त्यांनी बैलाच्या दुसऱ्या खांद्याला हात घातला. "पण तुही तेवढीच एक वळ आलती मले. ते कशी पुसू?"