गिधाडं बघायला कुठं बसायचं

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एक पक्षी निवडायला सांगितला. गावी जाल तेव्हा तो नीट बघा आणि काय दिसलं ते येऊन सांगा, एवढंच काम होतं. कुणी मोर घेतला, कुणी पोपट. मी गिधाड म्हणाले आणि वर्ग हसला. मला मात्र खरंच प्रश्न पडला होता. दुपारी आमच्या गावावर गिधाडं पंख न हलवता घिरट्या घालायची आणि संध्याकाळी मांजरा नदीच्या खोऱ्याकडं नाहीशी व्हायची. ती राहतात कुठं? सरांनी विश्वासानं आपली दुर्बीण माझ्याकडं दिली.

संक्रांतीनंतर गावी आले. मेलेली ढोरं टाकायच्या माळावर गिधाडं हमखास उतरतात, म्हणून मी सरळ तिथंच गेले. नुकतीच टाकलेली एक म्हैस पडली होती. बाभळीआड बसून मी बघत राहिले. गिधाडं लगेच तुटून पडत नाहीत, लांब उतरून कितीतरी वेळ नुसती उभी राहतात, याचं मला नवल वाटलं. तेवढ्यात म्हशीचा मालक गड्याला घेऊन तिकडून गेला.

"काय गं पोरी, कातडं सोलायला आलीस का? अप्पाला म्हणावं, पुढच्या येळेला निरोप देतो, तुमीच ओढा!"

गडी मोठ्यानं हसला. मी दुर्बीण घेऊन तिथून उठले.

आमची माणसं पूर्वी गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायची आणि त्यांचं कातडं काढायची. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. मला ती ऐकून ठाऊक होती, पण माळावर जाताना मनात आली नाही.

संध्याकाळी माझे वडील, अप्पा, ताटावर बसले आणि न जेवता तसेच उठले. माळावरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"तिथं कामून बसलीस?"

"गिधाडं बघायलते, अप्पा. सरांनी सांगितलंय."

"ते काम सोडलं म्हणून लोकांनी आमाला रानात पाय ठिवू दिला न्हाई. उपास काढले. आन् तू आपल्या पायानं तिथं जाऊन बसलीस."

मी म्हणाले, "मी दुसरा पक्षी घेते."

अप्पांनी तांब्या घेऊन हात धुतले. मग म्हणाले, "पण त्यांच्यात बघायचं काय हाय?"

"ती राहतात कुठं, ते."

"मग माळावर कशाला जायचं? नदीपल्याडच्या कड्यावर असतेत."

"तुम्ही त्यांचं पिल्लू बघितलंय?"

"माझा बाप कातडं काढायचा आन् मी त्यांना दगडं हाणायचो. पिल्लू कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्याबरोबर निघाले. नदीकाठी करंज आणि जांभळीची दाट सावली होती. एक काळापांढरा खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबला, तेव्हा अप्पाही थांबले. पुढं झाडी संपून तांबड्या दगडाचा कडा उभा राहिला. त्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ होते. त्यांच्या वर दुर्बिणीतून मला काटक्यांचं घरटं दिसलं आणि त्यात राखी लवेचं पिल्लू. एक मोठं गिधाड येऊन बसलं. पिल्लानं त्याच्या चोचीत तोंड घातलं.

मी दुर्बीण अप्पांना दिली.

"अगं, भरवायलंय की!" ते कुजबुजले. "आई हाय का बाप?"

"दोघं सारखेच दिसतात, अप्पा. पण दोघंही भरवतात म्हणे."

"म्हणे म्हणजे? बस इथं. बघू."

आम्ही दगडावर बसून राहिलो. भाकरी खाल्ली. ऊन कलल्यावर दुसरं गिधाड आलं, पहिलं उडालं, आणि पिल्लानं पुन्हा तोंड वर केलं. अप्पांनी माझ्या दंडाला धरून हलवलं. "बाप बी भरवतो! बघितलीस का?"

घरी पोचलो तेव्हा गल्लीत बायका बसल्या होत्या. आईनं विचारलं, "दिवसभर कुठं होता?"

अप्पा आधी त्या बायकांकडं बघून थबकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गिधाडाचं पिल्लू बघायलतो. पुढल्या रविवारी बी जाणार हाव."

"व्हय का?" आई म्हणाली. "मग दोघंबी आधी आंघोळ करा."