प्रशिक्षणात मी सांगतो ती गोष्ट

बायकोलाही हे ठाऊक नाही. शाळेतल्या कुणाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझी ती गोष्ट कधी तरी ऐकली असेल आणि टाळ्याही वाजवल्या असतील.

आधी एक सांगतो — मी चांगला शिक्षक आहे. यात लाजायचं काय? खारबावच्या बाजूचं आमचं गाव. घरात भातशेती, आणि आमच्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आठवीला विज्ञान शिकवतो. माझ्या तासाला पोरं घड्याळ बघत नाहीत. मी सतत काही ना काही शिकत असतो. सुट्टीत पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन बसतो, नवी पुस्तकं वाचतो, मोबाइलवर प्रयोग बघतो आणि घरी करून बघतो — एकदा तर स्वयंपाकघराचा पडदा जाळला. शिक्षक शिकायचा थांबला की वर्ग झोपतो, हे मी छातीठोक सांगतो. म्हणूनच तालुक्याच्या प्रशिक्षणांना मला मार्गदर्शक म्हणून बोलावतात.

तिथे मी एक गोष्ट सांगतो. अशी —

नोकरीतली सुरुवातीची वर्षं. मी वर्गात म्हणालो, ओली झाली की वस्तू कमजोर होते, ओला कागद बघा कसा फाटतो. तेव्हा वैशाली नावाची मुलगी उठली. तिचे वडील भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. तिने विचारलं, “सर, मंग लूमवरचा धागा? बापूस उन्हाळ्यात जमिनीवर पानी मारतो. बोलतो, ओल असली का धागा कमी तुटतो. असा कसा?”

मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, “वैशाली, मला माहीत नाही. चल, आपण मिळून शोधू.” मग आम्ही सुती धागे आणले, कोरडे ताणले, ओले ताणले. कळलं की कापसाचा तंतू ओल धरून उलट बळकट होतो, आणि कागद विरघळल्यासारखा सुटतो तो वेगळ्या कारणाने. त्या दिवसापासून मी शिकणारा शिक्षक झालो.

इथे टाळ्या पडतात. दर वेळी.

प्रश्न खरा आहे. धागे खरे आहेत. मधलं सगळं — कसं सांगू? — मधलं मी रचलेलं आहे.

मी खडू खाली ठेवला नव्हता. मला उत्तर येत नव्हतं आणि माझे कान तापले होते. पदवी मिळवून मला फार दिवस झाले नव्हते. ‘माहीत नाही’ असं म्हटलं तर ती कुणी काढून घेईल, असं वाटायचं का मला? असेल. पण घाबरतात सगळेच. मी पुढे काय केलं, ते सगळे करत नाहीत.

मी म्हणालो, “आधी ते ‘मंग’ आणि ‘पानी’ सोड, नीट मराठी बोलायला शीक. आणि बापाकडूनच विज्ञान शिकायचं असेल तर उद्यापासून लूमवर ड्युटीला जा.”

वर्ग हसला. मला बरं वाटलं — हेही लिहितो. माझी आई आजही ‘मंग’ आणि ‘पानी’च बोलते. कॉलेजात मला त्याच बोलीवरून हसले होते, म्हणून मी ती खरवडून काढली होती. म्हणजे नेमकं कुठे लागतं ते मला माहीत होतं. मी तिथेच मारलं.

पोरांनी तिचं नाव ‘ड्युटी’ पाडलं. “ए ड्युटी, शिफ्ट सुटली का?” व्हरांड्यात मी रोज ऐकायचो. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. नाही बोललो.

धाग्यांचं मी नंतर एकट्याने शोधलं. वाचलं, घरी ताणून पाहिलं, आणि खरंच थरारलो — माझं शिकणं तिथूनच सुरू झालं, एवढं तरी खोटं नाही. पण तो प्रयोग मी पुढच्या वर्षीच्या वर्गाला दाखवला. वैशालीच्या वर्गाला नाही. त्यांना दाखवायचा तर तिचा प्रश्न बरोबर होता हे म्हणावं लागलं असतं. ती शाळा सोडून जाईपर्यंत माझ्या तासाला येत राहिली. प्रश्नांना उत्तरं द्यायची, पण स्वतः एकही प्रश्न विचारला नाही.

इथवरचं मी कदाचित कधी तरी सांगूनही टाकलं असतं. तरुण होतो, चुकलो — लोक माफ करतात, उलट मोठ्या मनाचा म्हणतात. जे सांगायला जीभ रेटत नाही ते पुढे आहे.

काही वर्षांपूर्वी अंबाडीला प्रशिक्षण होतं. मी गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, चहाची सुट्टी झाली. एक मॅडम जवळ आल्या. “सर, ओळखलंत? वैशाली.” ती शिक्षिका झाली होती, विज्ञानाचीच. तिच्या घरातली पहिली पदवीधर. बाजूचे गुरुजी ओरडले, “अरे, गोष्टीतली वैशाली ती हीच? मॅडम, आज चहा तुमच्याकडून!” सगळे गोळा झाले.

ती हसली. मग हळूच, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पण सर, तुम्ही ‘माहीत नाही’ असं बोललाच नव्हतात. तुम्ही मला लूमवर ड्युटीला जायला सांगितलेलं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने एक प्रश्नच विचारला होता — इतक्या वर्षांनी, पुन्हा एकदा, मलाच. आणि या वेळी तर मला उत्तर येत होतं.

मी हसलो. म्हणालो, “अगं, केवढीशी होतीस तू! नीट आठवत नसेल तुला.”

लोक हसले. ते गुरुजी म्हणाले, “मॅडम, सरांची स्मरणशक्ती दांडगी आहे हां.”

वैशालीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “असेल, सर.”

दुपारच्या सत्रात ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्यानंतरही मी ती गोष्ट सांगितली आहे. हॉल बदलले, शब्द तेच, टाळ्याही त्याच. शिकत राहा, न लाजता ‘माहीत नाही’ म्हणा, असं मी शेकडो शिक्षकांना शिकवलं, आणि ते बरोबरच शिकवलं. त्यातले कितीतरी आज त्यामुळे चांगलं शिकवतात.

पण त्या दिवशी वर्गात काय झालं, असं कुणी विचारलं तर वैशालीला विचारा. तिला नीट आठवतं. ती म्हणाली तसंच झालं होतं.