बरणीतला जिल्हा

घास तोंडात असो की चहा हातात, तो ताडकन उभा राहायचा, छातीवर पंजा ठेवायचा आणि म्हणायचा, "आमच्या जिल्ह्यातला!"

नव्वदच्या दशकात ओझरच्या विमान कारखान्यात परदेशी इंजिनिअर यायचे. त्यांच्या गेस्ट हाउसचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. त्यांतला हा युक्रेनचा, पोल्टावा जिल्ह्याकडचा. टीव्हीवर तिकडचा कुणी पहिलवान दिसो की गायिका, याची खुर्ची मागे सरलीच.

पोळ्या करणाऱ्या शांताबाई मुद्दाम विचारायच्या, "साहेब, राम पण तुमच्याकडचाच का हो?"

"नाय," तो गंभीरपणे म्हणायचा. "तो माझ्यासारखा. बाहेरून आला, इथे राहिला." मराठी त्याला कारखान्यातल्या पोरांनी शिकवली होती.

एवढी मोठी माणसं त्याच्याच भागात का जन्मतात, तर माती. खिडकीत लोणच्याची बरणी होती. तिच्यात आईने निघताना बांधून दिलेली काळी माती.

"असली आमच्या निफाडलाही आहे," मी म्हटलं.

"असली नाय, ताई. हिच्यात मोठी माणसं उगवतात."

मग त्याच्याबरोबर इथे आलेल्या बायकोला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिने माहेरी जायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. शांताबाईंनी डिंकाचे लाडूसुद्धा बांधले. पण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि विमान बंद केलं.

हा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी बरणी घेऊन स्वयंपाकघरात आला. "ताई, दवाखान्यात पलंगाखाली हिला ठेवू. खाली आमची जमीन, म्हणजे जन्म आमच्याकडचा."

"झाकण घट्ट लावा, बाहेरून साबणाने धुवा. मी डॉक्टरीणबाईंशी बोलते," मी म्हटलं. बाई हसत सुटल्या, पण हो म्हणाल्या.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. नाशिकच्या दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये पुढे ड्रायव्हर, मागे ते दोघं आणि मी. वाटेत आडगाव आलं आणि हा ओरडला, "बरणी!" जीप थांबायच्या आत उतरला, ओझरकडे निघालेल्या एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसला आणि गेला. बायकोने माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. तिने त्याला काय काय म्हटलं ते मला भाषा न येताही कळलं.

तो परत आला तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला, बरणी पोटाशी धरलेली. नर्सने गुंडाळलेली मुलगी माझ्या हातात होती.

"झाली," मी म्हटलं. "नाशिक जिल्ह्यातली. चपला बाहेर काढा."

त्याने बरणी माझ्याकडे दिली, मुलगी घेतली. छातीवर पंजा ठेवायला जागा उरली नव्हती. तिथे ती होती.

"तुमच्या जिल्ह्यातली," तो हळूच म्हणाला. पलंगावरून बायको काहीतरी बोलली आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

वर्षभराने ती मंडळी गेली. निघायच्या सकाळी हा गेस्ट हाउसच्या पेरूखाली उकिडवा बसला होता. बरणीतली माती त्याने पेरूच्या मुळाशी ओतली आणि तिथलीच ओंजळीने बरणीत भरली.

"हे काय?"

"पोरीला नेतो, तर तिचा जिल्हा पण न्यायला पाहिजे."

त्याला बरीच वर्षं झाली. आता टीव्हीवर तिकडची कुणी तरुण मुलगी पदक घेताना दिसली की मी खुर्ची मागे सारून बसते. अजून उभं राहायची वेळ आलेली नाही. पण ताडकन उठताना सांडू नये म्हणून चहा मी हल्ली अर्धाच कप घेते.