मधल्या बोटाची शिकवणी

डॉक्टर श्रुती पेशंटपेक्षा पेशंटच्या माणसांशीच जास्त बोलायच्या. त्यांच्या ओपीडीत तशी रीतच पडून गेली होती. फाइल मुलाच्या हातात, प्रश्न मुलाचे, सहीही मुलाची. आणि ज्याचं दुखणं, तो आपला फिरत्या पंख्याकडे बघत बसलेला.

हुपरीच्या चिमणाबाईही तशाच बसल्या होत्या. चाळीस वर्षं घरी चांदीचे पैंजण जोडणाऱ्या या बाईंच्या उजव्या तर्जनीच्या नखाखाली कॅन्सर निघाला होता. हाडाला अजून लागला नव्हता. वाटा दोन होत्या. एक तर टोकाचं पेर काढून टाकायचं. नाहीतर नख आणि भोवतीचं कातडं काढून तिथं मांडीचं कातडं लावायचं आणि मग वर्षानुवर्षं तपासत राहायचं.

"बोट वाचवा, म्याडम," मुलगा कृष्णात म्हणाला.

श्रुतींच्याही मनात तेच होतं. हातावर पोट असलेल्या बाईचं बोट कोण काढेल? तरी आज का कोण जाणे, त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला इचारताय?" चिमणाबाई हसल्या. "डाक्टर तुमी का मी?"

"बोट तुमचं आहे."

बाईंनी ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं. मग म्हणाल्या, "त्या मांडीच्या कातड्याला कळंल काय? कडीचं तोंड मिटलंय का न्हाय, ते मी बघत न्हाय. हाताला कळतंय."

अकरा वर्षांत श्रुतींना हे कुणी विचारलं नव्हतं. "कमी कळेल," त्या हळूच म्हणाल्या.

"मग आट दिवस द्या मला."

तेवढ्यानं काही बिघडणार नव्हतं. आठ दिवसांनी बाई आल्या आणि रुमालातून दोन बारीक साखळ्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. दिसायला दोन्ही सारख्याच.

"डोळं मिटा, बाई. हात फिरवा."

श्रुतींनी डोळे मिटले. बाहेरचा गलबला दूर दूर गेला. बोटाखालून चांदी गार वाहत होती, उथळ पाण्यात हात सोडून बसावं तशी. किती वेळ गेला कोण जाणे. मग दुसरी साखळी हाताला लागली, आणि दर दोन-तीन कड्यांनी बारीकसं काहीतरी टोचलं.

"ही टोचते."

"ती बोटाच्या टोकाला जाड पट्टी गुंडाळून केली. बोट हाय, पर बधिर. आन पयली, ते बोट वर धरून, मधल्या बोटानं. येळ लागला दुप्पट. पर लागली काय कुटं?"

"आई, एकदा काढलं की परत येत न्हाय ते," कृष्णात कळवळला.

"व्हय की. म्हणूनच करून बघितलं न्हवं? बोट माजं हाय, लेकरा. तुला न्हाय इचारलं डाक्टरनं."

श्रुतींनी संमतीचा कागद त्याच्यापुढून उचलला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. "मग पेर काढूया, मावशी?"

"काढा. पर मधल्या बोटाला जपा हां. ते आत्ताशी कुटं शिकाय लागलंय."