एस.टी.डी. बूथमधले पाळणे

पडदा वर जातो तेव्हा मंचावर पिवळा उजेड असतो. उन्हाचा नव्हे, पाटीचा. कळमनुरीत नांदेड रस्त्याच्या कडेला एक टपरीवजा दुकान. माथ्यावर पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. आत उभ्या कपाटाएवढी लाकडी खोली, तिला काचेचं दार, दाराआड फोन आणि लाल आकडे पळवणारं यंत्र. डावीकडून चहाचा वास येतोय, उजवीकडून एस.टी.चा हॉर्न. मधोमध लोखंडी खुर्चीवर एक सडपातळ माणूस बसलाय. पांढरा शर्ट, खिशाला पेन. हा प्रेमानंद. नीट बघून घ्या त्याला, कारण पुढं बरीच वर्षं तो त्या खुर्चीवरून फारसा हलणार नाही.

नव्वद सालानंतरचा तो काळ बूथवाल्यांचा होता. बाजाराच्या दिवशी प्रेमानंदच्या दारात रांग लागायची. वीटभट्टीवर गेलेला नवरा, पुण्याला कामाला लागलेला भाऊ, नांदेडला शिकणारी पोरगी, सगळे त्या एका तारेच्या टोकाला. जितकं गाव लांब तितकं मोठ्यानं बोलायचं, अशी लोकांची समजूत. त्यामुळं काचेचं दार नावालाच होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं प्रेमानंदला ऐकू यायचं. पण त्याच्या तोंडून एक शब्द कधी बाहेर गेला नाही.

एक सवय मात्र होती त्याला. लेकरू आईकडं ठेवून कामाला आलेली एखादी बाई फोन करून बाहेर आली, की तो तिला सुटे पैसे देताना विचारायचा, "झोपलं का लेकरू?" बाई डोळे पुसत हसायची. "झोपलं म्हनं दादा." तोही मान हलवायचा, जणू त्याच्याच घरचं लेकरू निजलं.

मग त्याच्या घरीही लेकरू आलं. बायको पल्लवी, माहेर हट्टा गावचं. मितभाषी, कामाला वाघ. मुलीचं नाव आकांक्षा. आजी जनकाबाई मात्र तिला 'कलेक्टरीन' म्हणायची, कारण ती रडली की अख्खं घर हातातलं टाकून उभं राहायचं.

वर्षाची व्हायच्या आत आकांक्षाला ताप चढला. पल्लवी आणि जनकाबाई तिला घेऊन नांदेडला गेल्या. फोन बूथमध्ये होता, म्हणून प्रेमानंद बूथमध्ये थांबला. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. ताप उतरलाय, ती झोपलीय. ते खरंच होतं. प्रेमानंद घरी गेला, पोटभर जेवला. सकाळी बूथ उघडता उघडता फोन पुन्हा वाजला.

तो रडला नाही. लोक आले, बसले, गेले. विहारात पुण्यानुमोदन झालं, लेकीच्या नावानं धम्मदान दिलं, आणि त्यानं बूथ उघडला. आकडे पळत होते, तो पैसे घेत होता, सुटे परत देत होता. फक्त लेकराचं विचारणं थांबलं. बाया थोडा वेळ उभ्या राहायच्या, मग निघून जायच्या.

पुढं हाताहातात मोबाइल आले आणि बूथची रांग विरघळली. प्रेमानंदनं कर्ज काढून एक कॉम्प्युटर मांडला. दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन दिवस जत्रा, बाकी वर्षभर शुकशुकाट. कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. इंग्रजी वाचायचा, साधं साधं लिहायचा. बसल्या बसल्या त्याला एक धंदा सापडला. त्याचं नाव अफिलिएट मार्केटिंग. आपण इंटरनेटवर एक पान लिहायचं, एखाद्या वस्तूची माहिती द्यायची, खाली दुकानाचा पत्ता जोडायचा. वाचणारा तिथून दुकानात गेला आणि त्यानं खरेदी केली, तर दुकानदार आपल्याला कमिशन पाठवणार.

जनकाबाईला हे समजावताना त्याला घाम फुटला.

"म्हंजे वस्तू तुही न्हाई?"

"न्हाई."

"दुकान तुहं न्हाई?"

"न्हाई, आई."

"गिऱ्हाईक तरी पाह्यलंस का?"

"ते अमेरिकेत हाय."

जनकाबाईनं पान लावता लावता हात थांबवला. "मंग दलालीच की रे ही! बैलबाजारात ग्यानबा करतो ती. पन ग्यानबा बैलाचे दात तरी मोजतो."

ते त्याला पटलं. घड्याळं आणि बुटांची पानं त्यानं आधी लिहिली होती. कुणी फिरकलं नव्हतं. मग एका दुपारी मालाची यादी खाली सरकवताना पाळणे आले. तो थांबला नाही, दचकला नाही. त्याला काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही म्हणूनच ते काम त्याला जमलं.

पाळणे हाताळायला मिळणार नव्हते. म्हणून तो ज्यांनी घेतले त्यांची गाऱ्हाणी वाचायचा. बूथमध्ये इतकी वर्षं आयांचं बोलणं ऐकलेलं. कोणती बाई उगाच कुरकुरतेय आणि कोणती खरी धास्तावलीय, हे त्याला अक्षरांवरूनही कळायचं. प्रत्येक पाळण्याचे दोष तो आधी लिहायचा, गुण मागून. आणि सगळ्यांत वर एक सूचना: घरी आणल्यावर रिकामा पाळणा एका बोटानं ढकला आणि कान द्या. करकरला तर परत पाठवा. इकडं कळमनुरीत भारनियमनानं पंखा बंद पडलेला असायचा, आणि तिकडं बर्फाच्या गावातली कुणी बाई प्रेमानंदचं ऐकून पाळणा घ्यायची.

कमिशनचा पहिला चेक वटून पैसे आले, ते त्यानं पल्लवीच्या हातात दिले. तिनं बराच वेळ नोटांकडं पाहिलं.

"हे पाळण्याचे?"

"व्हय."

"डाळीत नका घालू."

"मग?"

"पाळण्यातच घाला."

एवढंच बोलणं झालं. दोघांमध्ये त्या वर्षांत एवढं बोलणंही पुष्कळ होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायांना पाळणा द्यायचा, असं ठरलं. प्रेमानंद शेषराव सुताराकडं गेला. गरिबांच्या घरांना आता वर पत्रे. पाळणा टांगायला आढं कुठलं? म्हणून चार पायांच्या चौकटीत अडकवलेला, भुईवर कुठंही ठेवता येईल असा पाळणा त्यानं कागदावर काढून दिला. शेषराव म्हणाला, "नकाशा तर झकास हाय. पाळना हाय का उडतं इमान?" आणि खोखो हसला. प्रेमानंद हसला नाही. पण शेषरावनं काम मन लावून केलं. कडा घासून घासून लोण्यासारख्या केल्या.

पाळणे तयार झाले तो बाजाराचा दिवस होता. शेषरावचं दुकान बाजाराच्या वाटेवरच. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया येत-जात होत्या. प्रेमानंद पहिल्या पाळण्यापाशी बसला, एक बोट लावलं, ढकललं आणि कान दिला. पाळणा हलत राहिला. रिकामा. मग त्यानं दुसरा ढकलला.

शेषरावच्या हातातला रंधा थांबला. "अरे बाबा, काय करून राहिला तू?"

"करकरतो का बघून राहिलो."

वाटेवरच्या बाया जागच्या जागी उभ्या होत्या. रिकामा पाळणा हलवला की लेकराच्या जिवाला त्रास, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रेमानंदलाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं तो ती सूचना परक्या मुलखातल्या बायांसाठी लिहीत आला होता, आणि हातानं ती आपल्या गावात, भर बाजारात पाळली. तीही कुणी? ज्याचं लेकरू गेलं त्यानं.

बाजार उठायच्या आत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी तो एक पाळणा घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. लोक गोडच बोलले. "राहू द्या दादा, आमच्याकडं झोळी हाय." "मामाच्या घरून यायचा हाय आमचा पाळना." एकानं भिडेपोटी नेला, तो दोन दिवसांनी विहाराच्या ओट्यावर सापडला. सगळे पाळणे बूथमध्ये आले. दोन पाळणे फोनच्या लाकडी खोलीच्या दाराशी, बाकीचे भिंतीला एकावर एक.

जनकाबाई भडकली. "तुला कोन्या वैऱ्यानं सांगितलं व्हतं रिकामा पाळना हलवायला?"

"आई, आपन हे मानत न्हाई. विहारात तूच सांगती ना बायांना?"

"सांगते की! आन् खरंच मानत न्हाई मी." तिचा आवाज खाली आला. "पन हात धजत न्हाई रे. डोकं म्हनते घे, हात म्हनते ठेव. लेकराची गोस्ट हाय."

प्रेमानंदला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. त्याला एकच दिसत होतं: हे पाळणे लेकरांसाठी केलेत आणि यांत लेकरू निजायला हवं. एखादं तरी. तसं नाही झालं तर इतकी वर्षं त्यानं कॉम्प्युटरपुढं बसून जे केलं, त्याला काही अर्थ राहणार नव्हता. रोज सकाळी तो पाळण्यांवरची धूळ पुसायचा, हलू न देता, एका हातानं घट्ट धरून. मग कॉम्प्युटर लावायचा. तिकडं पाळणे विकले जातच होते.

असा उन्हाळा आला. हळद शिजवायचे दिवस. माणसांच्या अंगाला, कपड्यांना तिचाच वास. एका दुपारी पल्लवी डबा घेऊन बूथवर आली होती, आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. चंदाबाई. माहेरची कुरुंद्याची, गावाबाहेरच्या वाडीत राहणारी, हळदीच्या कामावर जाणारी. हात कोपरापर्यंत पिवळे. दारातून आत येईना, परतही जाईना.

"फोन करायचाय का, मावशी?" प्रेमानंदनं विचारलं.

"न्हाई बा. फोन हाय पोराजवळ." तिची नजर पाळण्यांवर. "पोरगी बाळंत झाली माही. नातू झाला."

"बरं झालं."

"पत्र्याची खोली. झोळी बांधावी तर वर काईच न्हाई. भुईवर टाकलं तर मुंग्या. काल कानाला चावल्या लेकराच्या." तिनं एक पाऊल आत टाकलं आणि पुन्हा मागं घेतलं. "पोरगी म्हनली, जा, घेऊन ये. मी म्हनलं, कशी आनू? तुमी राग नका मानू, दादा."

"न्हाई मानत."

चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

पल्लवीनं डबा ठेवला आणि ती बाहेर पडली. घर मागच्याच बोळात. प्रेमानंदला वाटलं, तिला बघवेना म्हणून गेली. पण ती परत आली, आणि तिच्या दोन्ही हातांवर, लेकरू घ्यावं तसं, काहीतरी घेतलेलं होतं. घरातला वरवंटा. धुऊन, पुसून, एका कुंचीत गुंडाळलेला. निळ्या काठाची, लाल खडीची कुंची. जनकाबाईनं शिवली होती ती. आकांक्षाचे कपडे सगळे देऊन टाकले, असं प्रेमानंद समजत होता. ही कुठं होती इतकी वर्षं, ते त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलं नाही.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. तो थोरला, मग त्याच्या पाठीवरचं बाळ. घरोघरीची रीत. पल्लवीनं सगळ्यांत वरचा पाळणा खाली घेतला, वरवंटा त्यात निजवला, कुंचीचे बंद नीट केले. मग दोरी धरली आणि हलवला. पाळणा गेला, आला. करकरला नाही.

"हे पहिलं लेकरू," ती म्हणाली. "रिकामा न्हाई आता. तुमचं दुसरं घाला."

चंदाबाई पाळण्याजवळ बसली. पिवळ्या हातानं तिनं कुंची चाचपली, वरवंटा उचलून पाहिला, आणि एकदम हसू फुटलं तिला. "लई जड हाय गं बाई तुही पोरगी! काय खाऊ घालती?"

पल्लवी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. प्रेमानंद लोखंडी खुर्चीवर तसाच बसून होता. त्याला वाटलं, आता आपल्याला काही होईल. झालं नाही. फक्त हात जड झाले, वरवंटा आपणच उचलल्यासारखे.

"वरवंटा उद्या आनून देते," चंदाबाई म्हणाली. "आन् ही कुंचीबी."

"कुंची राहू द्या," पल्लवी म्हणाली. "उन्हाचं बाहेर काढाल तवा घाला त्याला."

चंदाबाईच्या पोरानं पाळणा सायकलच्या कॅरेजला बांधला. ती मागून चालली, एक हात पाळण्याच्या काठावर, वरवंटा हिंदकळू नये म्हणून. वाटेतल्या बाया वाकून आत बघत होत्या, आणि चंदाबाई प्रत्येकीला बजावून सांगत होती, "भरलेला हाय गं, भरलेला!"

दिवेलागणीला बूथमधला जुना फोन वाजला. अलीकडं तो वाजत नसे. पण त्याचा नंबर गावाला अजून पाठ होता. प्रेमानंद दाराशी ठेवलेले पाळणे ओलांडून लाकडी खोलीत शिरला. त्यानं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून चंदाबाई, नांदेडला नव्हे तर दिल्लीला बोलावं इतक्या मोठ्यानं ओरडत होती. "दादा! ठेवला पाळना! वरवंटा काढला, आन् घातलं लेकरू! आईकू येतं का?"

ऐकू येत होतं. प्रेमानंदनं काचेतून बाहेर पाहिलं. पिवळ्या पाटीचा दिवा लागला होता, पल्लवी पायरीवर बसली होती. पलीकडं चंदाबाई दोनदा "हॅलो" म्हणाली. मग जुन्याच आवाजात त्यानं विचारलं,

"झोपलं का लेकरू?"