गादीवाल्या खाला आणि मैत्रीचे कान

आज माझी लेक मैत्री अंगणात तिच्या भावाशी भांडते आणि मधेच माझ्याकडे बघून काहीतरी तुटकं बोलते, ते गादीवाल्या खालांमुळे. आधी त्यांचं नाव घेते आणि मग झालेलं सांगते. उलट केलं तर सांगता सांगता मी माझीच बाजू मांडत बसेन. तशी सवय आहे मला.

खाला कुणालाही हाक मारत नसत. उमरग्यात हायवेच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं शेड होतं, त्यात कापूस पिंजायचं मशीन. तीस वर्षं त्या मशीनपाशी बसून त्यांचे कान गेले होते. मशीन चालू असताना हाक मारून उपयोग नसतो, म्हणून मशीन बंद असतानाही त्यांची तीच रीत होती. कुणाला बोलवायचं असेल तर पाय जमिनीवर आपटायच्या, लांबच्या माणसाला कापसाचा गोळा फेकून मारायच्या. गोळा लागायचा नाही, पण माणूस बघायचं. आपण बोलायला लागलो की त्या आपल्या ओठांकडे डोळे लावायच्या. मी पदराआड पुटपुटले की म्हणायच्या, "तोंड दाखीव की गं. म्या काय तुझी सासू हाय का पदर घ्याया?"

मी मूळची गोंदियाकडची. सातवीनंतर शाळा सुटली, अठरा लागल्यावर लग्न झालं आणि इतक्या लांब आले की माहेरी जायचं म्हणजे दोन दिवस प्रवासात जातात. नवरा हायवेवर टायरच्या दुकानात कामाला. आमची खोली खालांच्या शेडला लागून, पत्रा एकच. माझं बोलणं ऐकून गल्लीतल्या बाया हसायच्या. "काय करून राहिली" असं मी म्हटलं की त्या तसंच म्हणून दाखवायच्या. खाला हसत नसत. एकदा त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तू कसं बोलतीस ते मला कुठं ऐकू येतंय? ओठ तर सगळ्यांचे सारखेच हलतेत."

मला जुळी झाली, सम्यक आणि मैत्री. दोघं दोन वर्षांची झाली तो उन्हाळा मला नीट आठवतो. पत्रा सकाळी दहालाच तापायचा. दाराला ओलं पोतं लावायचं, तासाभरात ते कडक व्हायचं. दोघांच्या अंगावर घामोळं. टँकर यायची वेळ ठरलेली नसे. आला की हातात असेल ते टाकून घागरी घेऊन पळायचं. तेवढ्या वेळेत लेकरं रस्त्याकडे जाऊ नयेत म्हणून मी जुन्या साडीच्या पट्टीनं त्यांचे पाय बाजेला बांधायची. सम्यकला दारातून "थांब, आलेच" म्हटलं की तो थांबायचा. मैत्री पट्टी सोडवून निघून जायची. हाक मारली तर मागे वळायची नाही. मग मी तिला मारायची. पाठीत, पायावर. ती इतक्या नवलानं माझ्याकडे बघायची की मला अजून राग यायचा. मला वाटायचं, ही पोर जन्मजात हट्टी आहे.

एक दिवस असंच मारत असताना खाला दारात आल्या. केसांवर, भुवयांवर कापूस. उन्हाळा त्यांचा कामाचा हंगाम, लग्नाच्या गाद्या, जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घ्यायला आलेली माणसं. त्यांनी माझा हात धरला.

"कशाला मारतीस गं लेकराला?"

"ऐकतच नाही ना, खाला! किती बोलावलं तिले. सारा जीव खाऊन राहिली माझा."

"ऐकंल कशी? तिला ऐकूच जात न्हाय."

मी म्हटलं, असं कसं, परवा ताट पडलं तेव्हा बघितलं होतं तिनं. खाला म्हणाल्या, "ताट पडताना दिसलं आसंल." मग दोघांना शेडमध्ये घेऊन गेल्या. कापसाच्या ढिगापाशी पाठमोरं बसवलं आणि मला दारात उभं केलं. म्हणाल्या, "आता बघ. ओरडू नको." आणि मशीन चालू केलं. सम्यक किंचाळून उठला आणि माझ्या पायाला येऊन चिकटला. मैत्री कापूस चिमटीत धरून उडवत बसली होती. मशीनचा कापूस उडून तिच्या अंगावर पडला तेव्हा तिनं मान वर केली. आणि हसली.

खालांनी मशीन बंद केलं. "म्या महिनाभर बघतीय. माझे कान तर ह्या मशिनीनं खाल्ले, हिचे कुणी खाल्ले अल्लाला म्हाईत." मी तिथंच खाली बसले. मला त्या वेळी मैत्रीच्या कानांचं दुःख झालं नव्हतं. मी किती वेळा मारलं ते मोजत होते.

सोलापूरला दाखवायला खाला माझ्याबरोबर आल्या. हंगामात शेडला कुलूप लावून आल्या, गिऱ्हाईकाला म्हणाल्या, "लग्न आठ दिवसांवर हाय न्हवं? मग आज काय नवरदेव गादीवर बसायलाय का?" एसटीत दोघींच्या मांडीवर एकेक लेकरू. दवाखान्यात फॉर्म हातात दिला तेव्हा मी तो खालांपुढं धरला. इतकी मोठी पानं मी शाळा सुटल्यापासून भरली नव्हती. खाला म्हणाल्या, "तुझी सातवी आन् माझी शून्य, मिळून सातवी तर झाली. लिही." मैत्रीला झोपेचं औषध पाजून डोक्याला तारा लावल्या. मग तिथल्या बाईंनी सांगितलं, दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येतं, कानाला ऐकायचं मशीन लावलं तर बोलायला शिकेल, पण उशीर नको. कान म्हणजे रोजचा सराव, असं त्या म्हणाल्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मशीन कानात हवं.

मशीन शिबिरात मिळालं, पण तोवर दिवाळी झाली होती. ते लावून मैत्रीला घरी आणलं आणि थोड्याच वेळात शेडमध्ये पिंजण सुरू झालं. मैत्री जी रडायला लागली, कान धरून, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं मशीन बिघडलं. मी तिला कडेवर घेऊन खालांच्या दारात गेले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, हातातलं काम टाकलं आणि पिंजण बंद केलं. मैत्रीपुढं खाली बसल्या. स्वतःचे दोन्ही कान धरले. "चुकलं बेटा. तू नवीन हाय न्हवं का इथं." त्या दिवशी पुन्हा पिंजण चालू केलं नाही.

तेव्हापासून मैत्री अर्धा दिवस त्यांच्याकडेच असायची. गादीला टाके घालताना खाला तिला समोर बसवायच्या. तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दोरा." तिनं ओठ हलवले की तिचा हात तिच्याच गळ्यावर ठेवायच्या. पुन्हा "दोरा." शंभर वेळा. स्वतःला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती बरोबर बोलली की चूक, ते खालांना कळायचं नाही. मग सम्यकला विचारायच्या, "बरुबर म्हटली का रं?" सम्यक नेहमी "व्हय" म्हणायचा. गल्लीतली एक बाई म्हणाली, "बहिरी बहिरीला शिकवतीय." खालांनी तिचे ओठ वाचले असणार. म्हणाल्या, "मग तू यून बस की. तुझे कान तर चांगले हायत, उगं इकडची तिकडं करण्यात चाललेत."

मैत्री पहिल्यांदा स्पष्ट बोलली तो शब्द "दोरा" हाच. मला आई म्हणायला तिला अजून दोन महिने लागले. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग पुन्हा मे महिना आला. मैत्रीच्या कानामागून घामाच्या धारा वाहायच्या. एक दिवस मशीन बंद पडलं. सोलापूरला नेलं, घाम आत गेलाय म्हणाले, दुरुस्त होऊन यायला पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत मैत्री पुन्हा गप्प झाली. मी घाबरले. पुन्हा बिघडलं, कायमचं गेलं, तर नवीन कोण देणार? माहेरी आमच्याकडे ओल लागू नये अशी वस्तू तांदळात ठेवतात. मी मशीन रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. सकाळी थंड असताना तासभर लावायची, ऊन चढलं की काढायची, संध्याकाळी पुन्हा लावायची. मला वाटलं, मी जपतेय.

खालांच्या दोन दिवसांत लक्षात आलं. डब्यातून मशीन काढताना त्यांनी मला पकडलं.

"मशीन पोरीला दिलंय का डब्याला? तांदळाला ऐकू याया लागलं आसंल आता."

"घाम लागते ना, खाला. खराब झालं तर?"

"लोक नवी गादी करून नेतेत, पाहुण्याला म्हणून पेटीवर रचून ठेवतेत आन् आपुन पोत्याच्या चवाळ्यावर निजतेत. दहा वर्सांनी आणतेत पिंजायला, आतून सगळी उंदरानं खाल्लेली. म्या किती बघितल्या. लाव तिला. बिघडलं तर बिघडलं."

मी चिडले. म्हटलं, "तुमचं काय जाते? बिघडलं तर मीच पाया पडत फिरन ना सगळ्याइच्या!" तोंड वळवून बोलले असते तर त्यांना कळलंही नसतं. मी त्यांच्या समोर उभी राहून बोलले. त्या वळून शेडमध्ये गेल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी पाय आपटून मला बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. त्या दिवशी मी मैत्रीला बांधलं नव्हतं. ती दारात खेळत होती, सम्यक माझ्या कडेवर होता, घागर दुसऱ्या हातात. टँकरच्या मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं आणि मैत्री तिथं जाऊन उकिडवी बसली, ओंजळ धरून. मला दिसलं तेव्हा टँकर मागे यायला लागला होता. मी ओरडले. सगळ्या बाया ओरडल्या. टँकरभोवती रोजच आरडाओरडा असतो, ड्रायव्हरला तो वेगळा वाटला नाही. मैत्रीची पाठ आमच्याकडे होती. तिचं मशीन तांदळात होतं. आम्ही ऐकू येणारे सगळे घागरींच्या गर्दीत अडकून नुसते ओरडत राहिलो.

खालांना आमचं ओरडणं ऐकू गेलंच नसणार. त्यांनी बघितलं. शेडच्या दारातून त्या पळाल्या. साठीच्या पुढची, गुडघे धरून चालणारी बाई. त्यांनी मैत्रीला दंडाला धरून बाजूला फेकलं. मैत्रीचं कोपर फुटलं, बस एवढंच. खाला ओल्या मातीत घसरल्या आणि चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं.

सोलापूरला त्यांचा पाय गुडघ्याच्या वरून काढला. मी पाचव्या दिवशी भेटायला जाऊ शकले. मैत्रीला मशीन लावून नेलं होतं. मी खाटेपाशी उभी राहून रडायला लागले. खाला म्हणाल्या, "रडायचं आसंल तर भाईर जाऊन रड. मला ऐकू येत न्हाय, उगं तोंड वाकडं झालेलं दिसतंय." मग मैत्रीच्या कानातल्या मशीनला बोट लावलं. म्हणाल्या, "त्या दिवशी लावलं आसतंस, तर माझा पाय ऱ्हायला आसता पोरी."

आवाज चढवून नाही, टोचायला नाही. गादीत कापूस कमी पडला तर सांगावं, तसं सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी मात्र ते वाक्य रोज ऐकते.

गादी शिवणारं माणूस गादीवरच बसतं, पाय दुमडून, सरकत सरकत टाके घालत जातं. एका पायावर ते होत नाही. खालांच्या पुतण्यानं पिंजायचं मशीन विकलं, शेड आता टायर ठेवायला दिलंय. खालांना त्यांची लेक बसवकल्याणच्या पुढं तिच्या गावी घेऊन गेली. जीपमध्ये बसवताना चौघांनी उचललं. मैत्री जीपपाशी जाऊन पाय आपटत होती, खालांनी आपल्याकडे बघावं म्हणून. त्यांनी बघितलं. काहीतरी बोलल्याही, पण मी दाराआड उभी होते, मला ते कळलं नाही. पुढं यायची हिंमत झाली नाही मला.

फोनवर त्यांच्याशी बोलता येत नाही, त्यांना ऐकू येत नाही. लेक सांगते, बऱ्या आहेत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात, तिथं कुणाला त्यांच्याशी समोर बसून बोलायला वेळ नाही. मैत्री आता साडेचार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते. कितीही घाम येऊ दे, मशीन काढत नाही. बिघडतं, मी सोलापूरला जाते, बसते, दुरुस्त करून आणते.

खाला, हे तुम्हाला कुणीतरी समोर बसून, तोंड दाखवून वाचून दाखवावं म्हणून लिहिलंय. पाय मी परत देऊ शकत नाही. पण मैत्रीचे कान ज्या बाईंनी तपासले, त्यांच्यासमोर एक दिवस तुम्हाला नेऊन बसवणार. उचलून न्यावं लागलं तर उचलून नेणार. तुम्ही "नक्को" म्हणाल, मला माहीत आहे. मी ऐकणार नाही. तुमच्या कानात मशीन बसलं की सगळ्यात आधी मैत्री बोलेल, आणि ती बरोबर बोलते की चूक, ते तुम्ही स्वतः ठरवायचं.